क्लबचं वकीलपत्र

28 मे 2022. पॅरिसला लागून असलेल्या सँ-देनीमधलं स्ताद द फ्रान्स हे स्टेडियम. चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद. सामना रात्री नऊला सुरू व्हायचा होता. नऊ वाजत आले तरी लिव्हरपूलच्या बाजूला मोठमोठे पट्टे रिकामे दिसत होते. तेवढ्यात स्टेडियममधल्या पडद्यावर सूचना झळकली : प्रेक्षक उशिरा आल्यामुळे सामना उशिरा सुरू होईल.

ते 'उशिरा आलेले' प्रेक्षक त्या वेळी भिंतीपलीकडे उभे होते. कित्येक जण दोन-दोन, तीन-तीन तासांपासून. एका लोकल मार्गावर संप असल्यामुळे गर्दी दुसऱ्या स्टेशनकडे वळली होती. तिथून येणारी वाट पुलाखालून जात होती आणि तिथेच पोलिसांच्या गाड्या उभ्या असल्यामुळे ती आणखी अरुंद झाली होती. त्या चिंचोळ्या जागेत तिकीट तपासणीचा नाका होता. नाक्यावर तुंबलेली गर्दी पुढे सोडली, तर पुढची दारं बंद. तिकिटं हातात घेऊन शांत उभ्या असलेल्या माणसांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोंडावर मिरचीचे फवारे मारले. त्यांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती, व्हीलचेअरवर बसलेले होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्द दारमानँ यांनी आकडा सांगितला : तीस ते चाळीस हजार इंग्रज प्रेक्षक बिनतिकिटाचे किंवा खोट्या तिकिटांचे होते. प्रत्यक्षात दारांवरच्या यंत्रांनी पकडलेली खोटी तिकिटं निघाली सुमारे अडीच हजार. स्टेडियमच्या कॅमेऱ्यांचं चित्रण कुणी मागितलंच नाही म्हणून नियमाप्रमाणे सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं. जुलैत फ्रेंच सिनेटच्या समितीने प्रेक्षकांवर विनाकारण खापर फोडल्याचं मान्य केलं. फेब्रुवारी 2023 मध्ये स्पर्धा भरवणाऱ्या युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला, त्यात मुख्य जबाबदारी युएफावर टाकलेली होती. इतकं होऊन कुणाचा जीव गेला नाही याचंच समितीला नवल वाटलं होतं.

त्या अहवालातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फ्रेंच पोलिसांनी बंदोबस्त ठरवताना 1989 च्या हिल्सबरो दुर्घटनेचा दाखला डोक्यात ठेवला होता आणि हिल्सबरो म्हणजे दंगेखोरांनी घडवलेला प्रकार अशी त्यांची समजूत होती. 33 वर्षं जुनी आणि कोर्टात खोटी ठरलेली ही समजूत इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात सुखाने नांदत होती.

'आपल्या क्लबबद्दल लोक काय बोलतात याची चाहत्यांनी पर्वा करावी का?' या प्रश्नावर कट्ट्यावर दोन ठराविक उत्तरं मिळतात. पहिलं : बोलेनात का, आपल्याला खेळाशी मतलब. दुसरं : आमच्या क्लबबद्दल एक शब्द बोलाल तर खबरदार. पॅरिसची ती पुलाखालची वाट पाहिल्यावर पहिलं उत्तर मला पटेनासं झालं. क्लबचं नाव म्हणजे मालकाच्या जाहिरातींपुरती बाब नसते. तुम्ही परक्या शहरात स्टेशनवर उतरता, तेव्हा समोरचा हवालदार तुमच्याकडे पाहुणा म्हणून बघणार की गुन्हेगार म्हणून, हे त्या नावावर ठरतं. मात्र दुसरं उत्तर त्याहून घातक आहे, आणि त्याची साक्षही लिव्हरपूलच देतं.

आधी हिल्सबरो. 15 एप्रिल 1989, शेफील्डमधलं हिल्सबरो स्टेडियम. एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभं राहून सामना पाहणाऱ्या 10,100 जणांसाठी फिरती दारं होती फक्त सात. बाहेर गर्दी इतकी दाटली की माणसं चिरडतील अशी वेळ आली. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांना ही जबाबदारी मिळून तीन आठवडेही झाले नव्हते. 2 वाजून 52 मिनिटांनी त्यांनी बाहेर जाण्याचं मोठं दार, गेट सी, उघडायला लावलं. आत शिरलेल्या लोकांना समोर एक बोगदा दिसला आणि ते त्यात गेले. बोगदा उघडत होता मधल्या दोन कप्प्यांत. ते कप्पे आधीच खच्चून भरलेले होते. बाजूचे कप्पे मोकळे होते, पण तिकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. पुढे मैदानाच्या कडेला लोखंडी जाळी. इंग्लंडमध्ये त्या काळात प्रेक्षक म्हणजे कोंडून ठेवायची जमात, म्हणून जाळी. सामना 3 वाजून 6 मिनिटांनी थांबवला, तोवर जाळीला चिकटून माणसं उभ्याउभ्या गुदमरत होती. मृतांचा आकडा पुढे 96 झाला आणि 2021 मध्ये, त्या दिवसाच्या जखमा अंगावर वागवणारा आणखी एक माणूस गेल्यावर, 97. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता. पुढे लिव्हरपूलचा कर्णधार झालेल्या स्टीव्हन जेरार्डचा तो नात्यातला भाऊ.

गर्दीत माणसं मरत असतानाच डकनफील्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, की चाहत्यांनी दार फोडलं. ज्यांनी दार उघडण्याचा हुकूम दिला, त्यांचंच हे वाक्य. ते खोटं होतं अशी कबुली त्यांनी दिली 2015 मध्ये.

चार दिवसांनी 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर 'सत्य' असा ठसठशीत मथळा टाकला आणि खाली लिहिलं, की चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली, जीव वाचवणाऱ्या हवालदाराला मारलं. संपादक होते केल्विन मॅकेन्झी. मृतांच्या रक्तातल्या दारूचं प्रमाण तपासलं गेलं, लहान मुलांच्यासुद्धा. ज्यांच्या रक्तात काही सापडलं, त्यांची नावं गुन्हेगारांच्या नोंदीत आहेत का, हेही बघितलं गेलं.

लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अंतरिम अहवाल अवघ्या चार महिन्यांत, ऑगस्ट 1989 मध्ये आला. मुख्य कारण पोलिसांचा ताबा सुटणं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे खरं काय ते सरकारदरबारी तेव्हाच नोंदलं गेलं होतं. तरीही 2004 मध्ये, बोरिस जॉन्सन संपादक असताना, 'स्पेक्टेटर'च्या अग्रलेखात पुन्हा दारुड्या चाहत्यांचा उल्लेख आलाच. जॉन्सनना पक्षाने लिव्हरपूलला माफी मागायला पाठवलं. सरकारी अहवालापेक्षा मथळ्याचं आयुष्य जास्त असतं, हे वृत्तपत्रात काम करणाऱ्या माणसाला सांगायला नको.

मृतांच्या घरच्यांनी लढा सोडला नाही. 2012 मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रं उघड केली. पोलिसांचे 164 जबाब बदललेले होते, त्यांतल्या 116 जबाबांमधून पोलिसांवर टीका करणारा मजकूर काढलेला होता. 26 एप्रिल 2016 रोजी वॉरिंग्टनच्या ज्युरीने निकाल दिला : बेकायदा मनुष्यवध, आणि चाहत्यांचा कोणताही दोष नाही. 27 वर्षं लागली. लिव्हरपूल शहर आणि परिसरात, म्हणजे मर्सीसाइडमध्ये, 'द सन' आजही फारसा कुणी विकत घेत नाही, कित्येक दुकानदार ठेवतच नाहीत. 2017 मध्ये लिव्हरपूल क्लबने त्याच्या वार्ताहरांना मैदानाची दारं बंद केली.

शहरातला दुसरा क्लब एव्हर्टन, लिव्हरपूलचा पिढीजात प्रतिस्पर्धी. 2012 चा अहवाल आल्यावर काही दिवसांतच एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर न्यूकासलविरुद्ध सामना होता. सुरुवातीला दोन मुलं मैदानात आली, एक निळ्या शर्टात, एक लाल. पाठीवर आकडे होते 9 आणि 6. क्लबच्या नावाची काळजी म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण, आणि ते घडवलं प्रतिस्पर्ध्यांनी.

इथे थांबलो असतो तर लेख छान झाला असता. गरीब बंदराचं शहर, खोटारडे पोलीस, खोटारडं वृत्तपत्र, शेवटी न्याय. लिव्हरपूलचे चाहते ही गोष्ट अशीच सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण 1989 मध्ये त्या मथळ्यावर देशाने इतक्या पटकन विश्वास का ठेवला, हे विचारलं की चार वर्षं मागे जावं लागतं.

29 मे 1985, ब्रसेल्स. हेझेल स्टेडियम. युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. स्टेडियम मोडकळीस आलेलं. 'झेड' नावाचा कप्पा तटस्थ प्रेक्षकांसाठी म्हणून ठेवलेला, पण तिथली तिकिटं इटालियन कुटुंबांनी घेतलेली. शेजारी लिव्हरपूलचे चाहते, मध्ये तकलादू जाळी आणि मोजके पोलीस. सामन्याआधी लिव्हरपूलच्या बाजूचा जमाव जाळी ओलांडून धावून गेला. इटालियन मागे हटले, भिंतीशी चेंगरले, भिंत कोसळली. 39 माणसं मेली. त्यांतले 32 इटलीचे. आणि त्यानंतर सामना खेळवला गेला! प्लातिनीच्या पेनल्टीवर युव्हेंटस जिंकलं.

स्टेडियम निवडणाऱ्यांची, तिकिटं विकणाऱ्यांची आणि बेल्जियन पोलिसांची चूक होतीच, काही अधिकाऱ्यांना शिक्षाही झाली. पण धावून गेलेले लिव्हरपूलचे होते. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन स्मिथ यांनी काय सांगावं? गडबड करणारे लंडनहून आलेले अतिउजव्या नॅशनल फ्रंटचे लोक होते. म्हणजे आपले नव्हेतच. आपल्याकडेही दगडफेक झाली की करणारे नेहमी 'बाहेरून आलेले' असतात. बेल्जियमच्या न्यायालयाने मनुष्यवधासाठी दोषी ठरवलेले 14 जण लिव्हरपूलचे चाहते होते. तो निकाल लागला 28 एप्रिल 1989 ला, हिल्सबरोनंतर तेरा दिवसांनी. मर्सीसाइड अजून अंत्ययात्रांतून बाहेर आलं नव्हतं. त्या निकालाची शहरात चर्चा कशी व्हावी?

हेझेलनंतर इंग्लिश क्लबांना युरोपात पाच वर्षं बंदी झाली, लिव्हरपूलला सहा. बंदी पुढे उठली, पण त्याआधीच इंग्लिश प्रेक्षक म्हणजे जनावरं, त्यांना जाळीतच ठेवायचं, हा समज पक्का झाला. हिल्सबरोच्या पोलिसांच्या डोक्यात तोच समज होता. गुदमरून जाळीवर चढणाऱ्यांना त्यांनी आधी हल्लेखोर समजून खाली ढकललं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. ब्रसेल्सला जे धावून गेले त्यांच्या करणीचा हिशेब शेफील्डमध्ये दहा वर्षांच्या पोराने चुकवला.

म्हणून हेझेलबद्दल लिव्हरपूलच्या चाहत्यांनी इतकी वर्षं पाळलेलं मौन मला खटकतं. हिल्सबरोच्या 97 जणांची नावं अनेकांना पाठ आहेत. हेझेलच्या 39 जणांपैकी एक तरी सांगा म्हटलं तर? 2005 मध्ये, तब्बल वीस वर्षांनी, दोन्ही क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, समोरासमोर आले. तिथल्या कॉप स्टँडमधल्या चाहत्यांनी कागदी फलकांची नक्षी करून इटालियन भाषेत 'मैत्री' असं लिहिलं. दोन्ही क्लबांचे माजी खेळाडू प्लातिनी आणि इयन रश फलक घेऊन युव्हेंटसच्या चाहत्यांसमोर गेले. काहींनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांनी पाठ फिरवली. 39 माणसं मेल्यावर वीस वर्षांनी, तेही ड्रॉ निघाला म्हणून, मैत्रीचा हात पुढे आला तर मीही कदाचित पाठच फिरवली असती.

खोटा आरोप सोसलेल्या माणसाला खरा आरोपही खोटाच वाटू लागतो. याचा पुरावा 2011 मध्ये मिळाला. 15 ऑक्टोबरला अॅनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्ह्राने तक्रार केली, की लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने त्याला रंगावरून वारंवार हिणवलं. फुटबॉल संघटनेच्या स्वतंत्र आयोगाने दोघांना ऐकलं, साक्षी घेतल्या, 115 पानांचा निकाल लिहिला. सुआरेझचा जबाब विश्वासार्ह वाटला नाही. आठ सामन्यांची बंदी, चाळीस हजार पौंड दंड. शिक्षा जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 21 डिसेंबरला, विगनच्या मैदानात लिव्हरपूलचा सगळा संघ सरावाला उतरला तो पांढरे टी-शर्ट घालून. त्यांवर सुआरेझचं चित्र आणि मागे 7 आकडा. संघातला कृष्णवर्णीय बचावपटू ग्लेन जॉन्सननेही तो घातला होता. व्यवस्थापक केनी डॅलग्लिश, हिल्सबरोनंतर कित्येक अंत्ययात्रांना स्वतः उभे राहिलेले सज्जन गृहस्थ, तेही सुआरेझच्या पाठीशी.

आणि चाहते? जानेवारीत एव्ह्रा पुन्हा अॅनफिल्डवर आला तेव्हा त्याच्या पायाशी चेंडू गेला की हुर्यो उडत होती. ज्याच्यावर अन्याय झाला असं आयोग म्हणत होता, त्याची! बाहेर युक्तिवाद सुरू होते : संघटना मँचेस्टरच्या खिशात आहे, ज्या शब्दावरून तक्रार झाली तो दक्षिण अमेरिकेत लाडाने वापरतात, निकाल वाचायची गरजच काय. हिल्सबरोने शिकवलेलं सगळं इथे उलटं वापरलं गेलं. 'आमच्याबद्दल अधिकारी खोटं बोलतात' हा अनुभव खरा होता, पण म्हणून प्रत्येक निकाल खोटा होत नाही. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, याला निष्ठा म्हणायची का? फेब्रुवारीत सुआरेझने युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, एव्ह्राचा हात टाळला, अमेरिकेत बसलेल्या मालकांना आणि प्रायोजकांना अडचण झाली आणि दुसऱ्या दिवशी माफीपत्रं निघाली. माफी मागितली गेली ती पैशाच्या काळजीने. त्या टी-शर्टवाल्यांपैकी जेमी कॅरेगरने 2019 मध्ये टीव्हीवर एव्ह्राच्या समोर बसून माफी मागितली, ती मात्र मनापासून वाटली. आठ वर्षांनी का होईना.

दक्षिण लंडनच्या मिलवॉलने यातून वेगळी वाट काढली आहे. आपण कुणालाच आवडत नाही आणि आपल्याला त्याची पर्वाही नाही, हे ते गाण्यातून छाती काढून सांगतात. ऐकायला झकास वाटतं. पण या बेपर्वाईच्या आडोशाला काय काय वाढतं, तेही दिसलं आहे : डिसेंबर 2020 मध्ये करोनानंतर पहिल्यांदा प्रेक्षक आत सोडले, तेव्हा वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकणाऱ्या स्वतःच्याच खेळाडूंची त्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. न्यूकासलची तऱ्हा निराळी. 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने तो क्लब घेतला, तेव्हा चाहते डोक्याला टॉवेल बांधून मैदानाबाहेर नाचले, आणि काही दिवसांतच सौदी पत्रकार खाशोगी यांच्या खुनाची आठवण काढणाऱ्यांना उत्तरं द्यायचं कामही त्यांनी बिनपगारी पत्करलं.

आता आपल्याकडे. लिव्हरपूलचे लाल शर्ट पुण्यात आणि मुंबईत ढिगाने दिसतात, आणि 2005 ची इस्तंबूलची फायनल रात्री जागून पाहिलेल्यांची आख्खी पिढी आता चाळिशीत आली आहे. मीही त्यांतलाच. आमची निष्ठा स्वस्तातली आहे, हे मान्य करायला हवं. पॅरिसला आमच्या डोळ्यांत धूर गेला नाही. क्लबचं नाव खराब झालं तर अंधेरीच्या पबमध्ये आमचं काही बिघडत नाही, म्हणून आम्ही सगळ्यात मोठ्याने भांडतो. कोल्हापूरकराचं तसं नसतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांपैकी कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा तो आहे हे पेठेत सगळ्यांना माहीत असतं. शाहू स्टेडियममध्ये हुल्लडबाजी झाली की दुसऱ्या दिवशी पोलीस त्याच्याच गल्लीत येतात. क्लबच्या नावाची किंमत त्याला आमच्यापेक्षा नीट कळते. मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने 2019 मध्ये मुंबई सिटीचा बहुसंख्य हिस्सा घेतला, तेव्हा अबू धाबीच्या पैशाचा प्रश्न थेट आपल्या घरात आला होता. चार बंगल्याच्या कट्ट्यावर त्यावर कधी वाद रंगल्याचं मी ऐकलं नाही. चर्चा नवा परदेशी स्ट्रायकर कोण, याचीच.

लिव्हरपूलच्या चाहत्यांचं मला आवडणारं रूप कोर्टातल्या विजयापेक्षा छोट्या गोष्टींत दिसतं. फेब्रुवारी 2016 मध्ये नव्या स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट 77 पौंड ठरलं. सुंदरलँडविरुद्ध लिव्हरपूल 2-0 पुढे असताना 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. सामना 2-2 सुटला, आणि चार दिवसांत मालकांनी दर मागे घेतला. एप्रिल 2021 मध्ये क्लब श्रीमंत क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगच्या टोळीत शिरला, तर कॉपवर झेंडे लावणाऱ्या गटाने स्वतःचे झेंडे काढून घेतले. दोन दिवसांत डाव कोसळला, मालक जॉन हेन्री यांनी व्हिडिओवर माफी मागितली. या दोन्ही वेळी चाहत्यांनी वकीलपत्र घेतलं नाही, फिर्याद दाखल केली. क्लबची लाज राखायची तर आधी क्लबला लाज वाटायला लावावी लागते, आणि ते बाहेरच्यांना जमत नाही.

अजून बरंच बाकी आहे. 1958 च्या म्युनिक विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू धरून 23 माणसं गेली. त्यावरून युनायटेडला डिवचणारे आवाज अॅनफिल्डवरून वर्षानुवर्षं उठत आले, जसे हिल्सबरोवरून डिवचणारे दुसऱ्या बाजूने. मार्च 2023 मध्ये दोन्ही व्यवस्थापकांना, क्लॉप आणि टेन हाग यांना, एकत्र निवेदन काढून हे थांबवा म्हणून सांगावं लागलं. त्या हंगामानंतर इंग्लंडमध्ये अशा घोषणांसाठी मैदानबंदी आणि खटले सुरू झाले.

आणि सप्टेंबर 2025 मध्ये ब्रिटिश संसदेत एक विधेयक मांडलं गेलं. सरकारी अधिकाऱ्याने, पोलिसाने चौकशीत खरं तेच सांगायचं, लपवाछपवी केली तर तो गुन्हा. लोक त्याला 'हिल्सबरो कायदा' म्हणतात. तो मागणाऱ्यांत मृतांच्या आया आहेत, बाप आहेत, आणि ग्रेनफेल टॉवरच्या आगीत घरची माणसं गेलेले लंडनकर आहेत, ज्यांतल्या अनेकांचा फुटबॉलशी काही संबंध नाही.